पॉइंट कुकचा पहिला चार्ल्स

२२ डिसेंबर, सोमवार

ही डायरी ऑफिसच्या क्रिस क्रिंगलमध्ये, म्हणजे ख्रिसमसच्या चिठ्ठ्या टाकून दिलेल्या भेटींत, मिळाली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर छापलंय, ‘आज मी कशाबद्दल कृतज्ञ आहे?’ आज कशाहीबद्दल नाही. पण कुणाशी तरी बोलायला हवं आणि घरात माझ्याशी बोलणाऱ्यांची संख्या आजपासून एकानं घटली आहे.

झालं ते असं. आज युनिच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या, ऑफर आल्या. उर्वीला बायोमेडिसिन मिळालं. मी पेढ्यांसाठी गाडीची किल्ली घेतली तर ही जिन्यात उभी, हातात फोन, चेहरा पांढरा.

‘बाबा, मी हिस्टरी फर्स्ट टाकलं होतं. डिड यू लॉग इन?’

मी म्हटलं, ‘कुठे?’

निरपराध माणूस ‘कुठे?’ असं विचारत नाही, हे मला बोलून झाल्यावर कळलं.

आता खरं काय ते लिहितो, इथे कोण बघतंय. रिझल्ट लागल्यावर कोर्सेसचा क्रम बदलायला दोन-तीन दिवस मिळतात. पोरीला शहाण्णव मार्क. शहाण्णववाल्या पोरीनं इतिहास शिकायचा म्हणजे काय? तिचा पासवर्ड चौथीपासून एकच आहे, penguin1234, आणि तो मीच तिला काढून दिला होता. तेरा तारखेला ती समुद्रावर गेलेली असताना मी बायोमेडिसिन माऊसनं धरून वर नेलं आणि हिस्टरी चौथ्या नंबरवर ठेवलं. काहीही खोडलं नाही. फक्त क्रम बदलला. हे मी तिला शांतपणे समजावून सांगितलं.

ती म्हणाली, कॅनबराच्या युनिची हिस्टरीची ऑफर तिच्याकडे आधीच आहे, तीस जानेवारीपर्यंत उत्तर द्यायचंय आणि ती देणार आहे. मग म्हणाली, ‘आय हॅव नथिंग टु से टु यू.’ आणि वर गेली.

कॅनबराला अर्ज कधी केला? मयूराला, म्हणजे हिच्या आईला, विचारलं. ती म्हणाली, ‘मला काय माहीत,’ आणि डिशवॉशर रिकामा करायला लागली. डिशवॉशर रिकामाच होता.

२६ डिसेंबर, शुक्रवार

चार दिवस झाले, उर्वी शब्दाला पक्की आहे. जेवताना मला मीठ हवं असेल तर मी मयूराला सांगतो, मयूरा उर्वीला सांगते, उर्वी मीठ मयूराकडे देते आणि मयूरा मला. मीठ माझ्यापासून एक फुटावर असतं. ख्रिसमसला तिनं मला गिफ्टही दिलं नाही. मी दिलं, स्टेथोस्कोप. आता वाटतं, घाई झाली.

अजित आला होता. हा माझा पुण्यापासूनचा मित्र, इथे मेलबर्नच्या पॉइंट कुकमध्येच चार गल्ल्या पलीकडे राहतो. तो म्हणाला, ‘मेट, पोरांच्या वर्ल्डमध्ये घुसावं लागतं. तिची हॉबी काय?’

हॉबी! सांगायची लाज वाटते. इथल्या काही गोऱ्या लोकांचा एक क्लब आहे, वेस्टर्न प्लेन्स पाईक अँड मस्केट सोसायटी. महिन्यातून दोनदा ते एका माळावर जमतात, लोकरी डगले घालतात आणि सतराव्या शतकातलं इंग्लंडचं यादवी युद्ध लढतात. एका बाजूला राजा पहिला चार्ल्स, दुसऱ्या बाजूला पार्लमेंट. हे युद्ध पावणेचारशे वर्षांपूर्वी संपलं, राजा हरला, त्याचं डोकं उडवलं, सगळ्यांना निकाल माहीत आहे. तरी लढतात. उर्वी अकरावीपासून त्यांच्यात आहे, पार्लमेंटच्या बाजूनं. हे इतिहासाचं खूळ तिथूनच आलं.

तेव्हा ठरलं. मी क्लबात जाणार. एका माळावर, एका उन्हात, बाप-लेक. किती दिवस न बोलता राहील?

४ जानेवारी, रविवार

माळ लिटल रिव्हरच्या पुढे आहे. झाडं नाहीत म्हटलं तरी चालेल, माश्या मात्र भरपूर. क्लबचा प्रेसिडेंट गॅव्हिन, रिटायर्ड प्लंबर, अडुसष्ट वर्षांचा. हात मिळवून म्हणाला, ‘वेलकम, यॅट.’ माझं नाव यतिन. त्याला पूर्ण नाव उच्चारायला वेळ नव्हता, युद्ध सुरू व्हायचं होतं.

मी म्हटलं, पार्लमेंटच्या बाजूला घाला. तो म्हणाला, ‘सॉरी मेट, पार्लमेंट फुल. सगळ्यांना पार्लमेंटच हवं असतं. राजाकडे माणसं कमी आहेत.’ त्यामुळे मी राजाचा सैनिक झालो आणि मुलगी समोरच्या फौजेत.

बंदुकीला लायसन्स लागतं, म्हणून नव्या माणसाला भाला देतात. भाला म्हणजे सोळा फूट लांब काठी. ती उभी धरायची, आडवी करायची, पुन्हा उभी करायची. तिसऱ्यांदा उभी करताना कमरेत कट्कन आवाज आला. उसण. मी तसाच भाल्याला टेकून उभा राहिलो. गॅव्हिन म्हणाला, ‘ग्रेट पोश्चर, यॅट!’

उर्वीनं मला पाहिलं. भुवई इतकी वर गेली की टोपीखाली दिसेनाशी झाली. मग तिनं तोंड फिरवलं. पण पाहिलं, हे महत्त्वाचं. परतताना ती मैत्रिणीच्या गाडीतून गेली. मी पंचेचाळीस मिनिटं एकटा, कमरेला रोलचा आधार लावून. रोल म्हणजे सतराव्या शतकाचा डगला गुंडाळून.

१० जानेवारी, शनिवार

आज कृतज्ञ आहे. उर्वी माझ्याशी बोलली!

बॅकस मार्शजवळच्या एका जत्रेत आम्ही नेझबीची लढाई करून दाखवली. ही राजा निर्णायकपणे हरला ती लढाई. तापमान एकोणचाळीस आणि टोटल फायर बॅन. म्हणजे बाहेर काडी ओढायची नाही, मग बंदुकीची दारू कुठली. तेव्हा बंदूकवाल्यांनी नेम धरून तोंडानं ‘बँग!’ म्हणायचं, असा हुकूम निघाला. चाळीस धिप्पाड पुरुष लोकरी कपड्यांत एका सुरात ‘बँग’ म्हणतायत आणि समोर शंभर माणसं सॉसेज खात बघतायत. मी बारा वर्षं टॅक्स भरतोय या देशात, पण त्याच्यावर जीव जडला तो आज.

गोळी लागली की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. माळावर एकच निलगिरी होती. पहिल्याच ‘बँग’ला राजाचं अर्धं सैन्य तिच्या सावलीत जाऊन शहीद झालं. मला जागा उरली नाही, म्हणून मी शूरपणे लढत राहिलो. तेवढ्यात धुळीतून उर्वी धावत आली, तलवार माझ्या छातीला लावली आणि ओरडली, ‘यील्ड!’

एकोणीस दिवसांनी पहिला शब्द. मी म्हटलं, ‘हो बेटा, हो,’ आणि भाला टाकून दोन्ही हात वर केले. ती क्षणभर गोंधळली. मग शेजारच्या शिपायाला इंग्रजीत म्हणाली, ‘टेक हिम अवे.’

मयूराला सांगितलं तर ती म्हणाली, ‘तो शब्द स्क्रिप्टमध्ये आहे ना?’ या बाईला कुठल्याही गोष्टीत आनंद मानता येत नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

ऑफिसात मीटिंगमध्ये असताना गॅव्हिनचा फोन. पंचवीस तारखेला, लाँग वीकेंडला, क्लबचा वर्षातला सगळ्यात मोठा खेळ असतो. राजाचा खटला आणि शिरच्छेद. दरवर्षी डेस नावाचे गृहस्थ राजा होतात. त्यांचा खुबा बदललाय, डॉक्टरांनी गुडघ्यावर बसायला मनाई केली आहे आणि गुडघ्यावर न बसता शिरच्छेद करून घेता येत नाही. मी राजा होईन का?

मी विचारलं, मीच का? तो म्हणाला, चार्ल्स पाच फूट चार इंच होता. क्लबात सगळे सहा फुटी, मी एकटाच मापाचा. दाढीही टोकदार आहे. आणि रंगाचं काय, असं मी विचारायच्या आधीच म्हणाला, ‘मेट, विगखाली काय दिसतं?’ मग म्हणाला, ‘टु बी ऑनेस्ट, तुझं नाव उर्वीनं सुचवलं. शी सेड यू’ड बी अ नॅचरल.’

मी मीटिंगमध्ये परत गेलो, पण काही ऐकू आलं नाही. तिनं माझं नाव सुचवलं! राजा म्हणून! शेवटी पोटची पोर आहे. मयूराला मेसेज केला. तिनं हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची एक रांगच पाठवली. तिलाही भरून आलं असणार.

१६ जानेवारी, शुक्रवार

चार्ल्सबद्दल वाचतोय. इतिहासकारांनी बिचाऱ्यावर फार अन्याय केलाय. सज्जन माणूस. व्यसन नाही, बायकोवर प्रेम, चित्रांची आवड, मुलांवर जीव. त्याचं म्हणणं इतकंच की प्रजेचं भलं कशात आहे ते राजाला जास्त कळतं, त्याला देवानंच तिथे बसवलंय, मग दर गोष्टीत तिला काय विचारायचं? यात चूक काय ते मला समजेना. पार्लमेंट कटकट करायला लागलं तेव्हा अकरा वर्षं त्यानं ते बोलावलंच नाही. शांतता हवी असेल तर दुसरा उपाय काय? आणि मग हेच लोक त्याच्यावर उलटले.

आणि एक वाचलं. तो तोतरा होता. पण खटल्यात एकदाही अडखळला नाही.

१७ जानेवारी, शनिवार

तालीम. स्क्रिप्ट गॅव्हिननं लिहिलंय आणि इतिहासाच्या बाबतीत तो माझ्या आईच्या सोवळ्यापेक्षा कडक आहे. राजानं कोर्टात टोपी काढायची नाही, कारण कोर्टाला तो मानतच नाही. आरोपांना उत्तर द्यायचं नाही. फक्त विचारत राहायचं, ‘बाय व्हॉट अथॉरिटी?’ कोणत्या अधिकारानं मला इथे आणलंत?

सरकारी वकील उर्वी आहे. काळा झगा, पांढरी कॉलर. माझ्याकडे बघून आरोप वाचते. फार छान वाचते.

यात एक प्रसंग आहे तो असा. वकील बोलायला लागतो तेव्हा राजा त्याला थांबवायला आपल्या काठीनं खांद्यावर टकटक करतो. तेवढ्यात काठीची चांदीची मूठ निखळून पडते. राजा वाट बघतो. आयुष्यभर त्याच्या हातून काही पडलं की दहा माणसं वाकत आलेली. आज कुणीच वाकत नाही. शेवटी तो स्वतः वाकून ती उचलतो. गॅव्हिन म्हणाला, ‘हाच तो क्षण. इथेच त्याला कळतं, सगळं संपलं. सो नोबडी पिक्स इट अप. नोबडी!’

आमची मूठ म्हणजे जुन्या नळाची पितळी मूठ. गॅव्हिननं ती चुंबकानं बसवली आहे, खांद्यावर जरा जोरात आपटली की पडते. पहिल्या तालमीला ती पडली, घरंगळत उर्वीच्या पायाशी गेली आणि ती चटकन वाकली. गॅव्हिन ओरडला. ती म्हणाली, ‘सॉरी, रिफ्लेक्स.’ आपल्याकडे मोठ्यांच्या हातून काही पडलं की पोरांनी उचलायचं, हे मी आणि मयूरानं तिच्या हाडीमाशी खिळवलेलं आहे. मला आतून गुदगुल्या झाल्या. दुसऱ्या वेळी मात्र ती ढिम्म उभी राहिली आणि मी वाकलो. कमरेनं आईची आठवण करून दिली.

घरीही तालीम करा, असा गॅव्हिनचा हुकूम. म्हणून संध्याकाळी डायनिंग टेबलाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ती. तिनं वाचलं, की तुमच्या हाती मर्यादित अधिकार विश्वासानं सोपवला होता, आणि तुम्ही तो विश्वास मोडलात. वाचताना तिचा आवाज फाटला. मी म्हटलं, ‘पाणी पी, घसा कोरडा पडलाय.’ ती स्क्रिप्ट टेबलावर ठेवून निघून गेली. मयूरा पोळ्या लाटत होती. म्हणाली, ‘यतिन, तू खरंच इतका बथ्थड आहेस का मुद्दाम करतोस?’

मी काय केलं?

२१ जानेवारी, बुधवार

मयूरानं आज मला गाडीत गाठलं. विल्यम्स लँडिंग स्टेशनवर न्यायला आली होती. कुलूप लावलं आणि म्हणाली, ‘तू तिला सॉरी म्हणालास?’

म्हटलं, ‘मी तिला समजावलंय.’

‘किती वेळा?’

मोजलं. मेसेज धरून अकरा वेळा समजावलंय.

‘आणि सॉरी?’

मी काचेतून बाहेर पाहिलं. पार्किंगमध्ये दोन सीगल एका चिपसाठी भांडत होते.

मग तिनं कबूल केलं, कॅनबराचा अर्ज दोघींनी मिळून भरला होता. ऑगस्टमध्ये. मला न सांगता. ‘तुला सांगितलं असतं तर तू तोही क्रम बदलला असतास.’ मी चिडायला तोंड उघडलं आणि सीट बेल्ट लावला. बारा वर्षांच्या टॅक्सवाल्या माणसाला स्वतःच्या घरात बंड झालेलं पाच महिन्यांनी कळतं.

आता जे लिहितोय ते कुणाला सांगणार नाही. मला बायोमेडिसिनचं काही पडलेलं नाही. ट्रेन पकडून संध्याकाळी घरी येणारी पोर मला हवी होती. कॅनबरा गाडीनं सात तास आहे. बायोमेडिसिनवाली पोर सहा वर्षं घरी राहिली असती, असा माझा हिशेब होता. आणि दुसरं, बारावीनंतर बाबांनी माझा इंजिनीअरिंगचा फॉर्म भरून आणला तेव्हा मी सही केली. मला कुणी विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो? खूप आठवून पाहिलं. काहीच आठवत नाही, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

मला फार भीती वाटते आहे. ती जाईल याची आहेच. न बोलता जाईल याची जास्त.

२५ जानेवारी, रविवार

क्रमानं लिहितो. आडवा पडून लिहितोय, अक्षर वाईट येईल.

सकाळी अकरालाच एक्केचाळीस. पुन्हा फायर बॅन. खटला एका जुन्या शेडमध्ये ठेवला होता, जिथे पूर्वी मेंढ्यांची लोकर कापायचे. वरती पत्रा. वेस्टमिन्स्टर हॉलला मेंढ्यांचा वास येत असेल असं वाटत नाही, पण आमच्याला येत होता. गवताच्या गठ्ठ्यांवर दोनशे माणसं बसलेली, पहिल्या रांगेत मयूरा आणि अजित. अजितनं फोन आडवा धरला होता.

गॅव्हिन माझ्यापुढे दोन सदरे घेऊन उभा. शिरच्छेदाच्या दिवशी कडाक्याची थंडी होती आणि आपण थंडीनं कापलो तर लोकांना वाटेल भीतीनं कापतोय, म्हणून चार्ल्सनं दोन सदरे घातले होते. मी म्हटलं, ‘गॅव्हिन, एक्केचाळीस आहे.’ तो म्हणाला, ‘हिस्टरी इज हिस्टरी, मेट.’ त्यावर मखमली डगला, त्यावर खांद्यापर्यंत विग, त्यावर टोपी.

खुर्चीत बसलो. उर्वी समोर आली. मी तिच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की ती माझ्यापेक्षा उंच झाली आहे. हे कधी झालं? कमीत कमी वर्ष झालं असेल. मी रोज बघत होतो आणि पाहिलं नव्हतं.

ती आरोप वाचायला लागली. मी काठी उचलली, खांद्यावर टकटक केलं. मूठ निखळली, पितळेचा आवाज झाला, घरंगळत चार पावलांवर जाऊन थांबली. मी वाट बघितली. कुणी हललं नाही. शेडमध्ये माश्यांचा आवाज. ठरल्याप्रमाणे उठलो, दोन पावलं गेलो, वाकलो.

आणि उसण भरली.

अशी भरली की ना वर, ना खाली. काटकोनात अडकलेला राजा. हात मुठीपासून वीतभर वर लोंबकळतोय, नाकावरून घाम टपटप खाली मातीत. अजित नंतर म्हणाला, त्याला वाटलं, काय अ‍ॅक्टिंग करतोय हा! मागून गॅव्हिन दात आवळून कुजबुजला, ‘पिक इट अप, यॅट. पिक. इट. अप.’ मी डोळे मिटले. वाटलं, आता इथेच, या मेंढ्यांच्या वासात, काटकोनातच जन्म जाणार.

समोर काळा झगा आला. उर्वी खाली बसली. मूठ उचलली. माझ्या कोपराखाली हात घातला आणि अगदी हळू, मला एकट्याला ऐकू येईल इतकंच बोलली, ‘बाबा, वाकू नकोस. थांब, मी आहे.’

चौतीस दिवस.

तिनं मला इंच-इंच करून सरळ केलं. मूठ माझ्या तळहातावर ठेवली, माझी बोटं तिच्यावर मिटवली आणि आपल्या जागी जाऊन पुन्हा कागद धरला. डोळे भरलेले होते. आता माझं वाक्य होतं. ‘बाय व्हॉट अथॉरिटी?’ तीन शब्द, आठवडाभर अंघोळीत घोकलेले. तोंड उघडलं. कोणत्या अधिकारानं? मी कुणाला विचारणार होतो हे? पेंग्विन वन टू थ्री फोर, याशिवाय माझ्याकडे तरी कोणता अधिकार होता?

मी टोपी काढली. टोपीबरोबर विगही आला. दोनशे लोकांसमोर माझं टक्कल, त्यावर घाम. मी म्हटलं, ‘चुकलं माझं, उर्वी. मी तुला विचारायला हवं होतं.’

मराठीतच निघालं. पहिल्या रांगेत मयूरानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिच्या शेजारची आजी मोठ्यानं म्हणाली, ‘इज दॅट लॅटिन?’

उर्वीनं कागदात पाहिलं. कागदात यावर काही नव्हतं. ती म्हणाली, ‘द प्रिझनर हॅज... ओ माय गॉड, बाबा.’ आणि झग्याच्या बाहीनं नाक पुसलं.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे. माफी मागितली म्हणून शिक्षा माफ झाली नाही, ते बरंच झालं, नाहीतर गॅव्हिनला झटका आला असता. मला बाहेर ओंडक्यापाशी नेलं. तोंडावर काळा बुरखा घालून नव्या खुब्याचे डेस कुऱ्हाड घेऊन उभे. मला खाली ठेवायला चौघं लागले. चार्ल्सनं शेवटी खूण ठरवली होती, मी दोन्ही हात पुढे पसरले की मी तयार आहे, मग घाव घाला. तो हात पसरेपर्यंत जल्लादानं थांबायचं. मी मान ठेवली. लाकूड गार होतं, दिवसभरात तेवढंच काय ते गार. जरा वेळ तसाच पडून राहिलो. डेस वाकून म्हणाले, ‘टेक युअर टाइम, लव्ह.’

मग मी हात पसरले.

परत येताना उर्वी माझ्या गाडीत होती. मी मागच्या सीटवर आडवा, ती चालवत होती. वेरिबीपाशी ती म्हणाली, ‘तू टोपी काढलीस. किंग नेव्हर टेक्स इट ऑफ. गॅव्हिन इज गोइंग टु किल यू.’ मी म्हटलं, ‘आज एकदा मरून झालंय.’ ती हसली. आरशात दिसलं.

२६ जानेवारी, सोमवार

गॅव्हिनची ईमेल. विषय, ‘ऐतिहासिक अचूकतेबाबत’. दोन पानं. राजानं टोपी काढली. वकिलानं मूठ उचलली. अज्ञात भाषेत संवाद झाला. शेवटी लिहिलंय, वीस वर्षांत प्रेक्षक पहिल्यांदाच रडले, तरी पुढच्या वर्षी असं होता कामा नये. पुढच्या वर्षी! म्हणजे मला ठेवलंय.

कंबर तशीच. उर्वीनं गरम पाण्याची पिशवी आणून दिली. मीठसुद्धा थेट दिलं.

३० जानेवारी, शुक्रवार

आज चार्ल्सचा खरा शिरच्छेदाचा दिवस. हे मला आता न बघता माहीत असतं.

संध्याकाळी उर्वी लॅपटॉप घेऊन डायनिंग टेबलापाशी आली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. मयूरा चहा गाळत होती, तिचा हात थांबला. स्क्रीनवर कॅनबराचं पान. खाली हिरवं बटण, ‘अ‍ॅक्सेप्ट’.

ती म्हणाली, ‘दाबण्यापूर्वी तुला विचारतेय. यू कॅन से समथिंग.’

मला खूप काही सांगायचं होतं. मेलबर्नमध्येही हिस्टरी आहे. पुढच्या राउंडला अजून क्रम बदलता येतो. सात तास फार असतात. तिथे थंडीत बर्फ साचतं. तुझी खोली मी काय करू. सगळं ओठापर्यंत आलं. माऊस माझ्या उजव्या हाताला, अगदी जवळ होता.

मी म्हटलं, ‘थंडी असते तिथे. दोन सदरे घालत जा.’

तिच्या लक्षात आलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी टेबलावर वाकलो, कमरेला सांभाळून, आणि दोन्ही हात पुढे पसरले.

तिनं बटण दाबलं.